मामांची बिस्किट कंपनी

बिस्किटाला माझ्या बायकोच्या मामांइतकं गंभीरपणे घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. देशभर कारखाने असलेल्या एका मोठ्या बिस्किट कंपनीचे ते घाटकोपरचे वितरक. म्हणजे ट्रकमधून माल उतरवून घ्यायचा, भटवाडीतल्या आपल्या गाळ्यात रचायचा आणि तिथून थेट असल्फ्याच्या डोंगरापर्यंतच्या वाण्यांकडे पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. कंपनीच्या लेखी ते बहुधा कंप्युटरमधला एक कोड नंबर असतील. पण मामांच्या तोंडी कंपनीचा उल्लेख कायम 'आम्ही' असा. 'आम्ही गुजरातेत नवा कारखाना टाकतोय', 'आम्ही आता आफ्रिकेत माल पाठवतो', हे ते अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, काल जेवताना मामींच्या संमतीनेच हा निर्णय झाला. कंपनीने दक्षिणेतली एक लहानशी बेकरी विकत घेतली तेव्हा यांनी नातेवाइकांत पेढे वाटले. मामींनी विचारलं, "त्यातलं आपल्याला काय मिळालं?" मामा म्हणाले, "अगं, वाढलो ना आपण." बाजारात कंपनीच्या शेअरचा भाव उतरला की मामांचं पित्त खवळायचं. त्यांच्याकडे कंपनीचा एकही शेअर नव्हता, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

हे प्रकरण कोणत्या थराला गेलंय याची चुणूक मला लग्नाआधीच मिळाली. मुलीकडचे वडीलधारे म्हणून मामा आमचं मुलुंडचं घर बघायला आले. आईने चहाबरोबर बशीत बिस्किटं ठेवली, ती नेमकी दुसऱ्या कंपनीची. मामांनी बशीकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि माझ्या नोकरीची चौकशी अर्धवट टाकून आईला विचारलं, "हे नेहमीचं आहे, की आजच आणलंत?" आईला वाटलं बिस्किटं मऊ पडली असावीत. ती बिचारी ओशाळून म्हणाली, "नाही हो, आमच्याकडे कायम हीच असतात." झालं. त्यानंतर तिकडून फोनच येईना. आई पत्रिका काढून बसली, बाबा माझ्या टकलाकडे संशयाने बघू लागले. शेवटी माझ्या होणाऱ्या बायकोनेच मामांना सुनावलं, "मामा, मला त्याच्याशी लग्न करायचंय, त्याच्या बिस्किटांच्या डब्याशी नाही." मग होकार आला, आणि होकाराच्या पाठोपाठ बिस्किटांचा एक अख्खा बॉक्स. आमच्या घरात तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचं बिस्किट आलं तर ते लपवून खावं लागतं. मी माझ्या स्वतःच्या घरात बाथरूममध्ये उभं राहून क्रीमचं बिस्किट खाल्लेलं आहे, आणि ते मला अजिबात विनोदी वाटत नाही.

मामांबरोबर कुठेही जाणं ही एक शिक्षाच. दिसेल त्या दुकानात शिरून ते आपल्या कंपनीचे पुडे खालच्या फळीवरून उचलून डोळ्यांसमोरच्या फळीवर मांडणार. दुकान कोणाचं, गाव कुठलं, याच्याशी काही देणंघेणं नाही. घाटकोपरच्या मॉलमध्ये एकदा त्यांनी अशी अर्धी भिंत हलवली. सिक्युरिटीवाल्याने हटकलं तर त्याला म्हणाले, "तू नवीन आहेस का रे?" तो गोंधळून सॉरी म्हणाला आणि मदतीला लागला. मी त्या वेळी शांपूच्या बाटल्या वाचत उभा होतो. कंपनीने काही चांगलं केलं की मान वर, तसंच काही वाईट केलं की मान खाली. मध्यंतरी किंमत तीच ठेवून छोट्या पुड्यातलं एक बिस्किट कमी केलं, तर मामा काही दिवस भटवाडीच्या मुख्य गल्लीतून जाईनात, मागच्या पायऱ्यांनी जात. मी म्हटलं, "मामा, तुम्ही कुठे ते काढलंत?" तर म्हणाले, "पोरं पुडा फोडून मोजतात, जावईबापू. त्यांना कोण समजावणार, साखर महागली म्हणून?"

तर अशा मामांना यंदा कळलं की 'आम्ही' त्यांना काढायच्या विचारात आहोत.

कंपनी वाढत होती, हेच कारण. दहा मिनिटांत घरपोच माल देणारे आले, मोठमोठी दुकानं आली. कंपनीला आता गल्लीबोळातले लहान वितरक परवडेनात. त्यांना काढून सगळं काम भिवंडीत प्रचंड गोदाम असलेल्या एका बड्या पार्टीकडे द्यायचं, असं घाटत होतं. विक्रोळीचा वितरक गेला, मग भांडुपचा गेला. घाटकोपरचं ठरवण्याआधी नवी एरिया मॅनेजर एकदा बाजार फिरून बघणार होती. मामांना उपाशी मरायची वेळ येणार नव्हती. गाळा त्यांचा स्वतःचा होता, मुलगी चांगल्या नोकरीत होती. पण एजन्सी गेली तर हा माणूस सकाळी उठून कोण असणार होता, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवत नाहीत रे नीट. रात्री उठून बसतात. विचारलं तर म्हणतात, माका काय झाला नाय." मामांच्या तोंडी मालवणी आली की प्रकरण गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी मला रजा टाकायला लावली. "तुम्ही बरोबर असा. इंग्रजीत काही बोलली तर," मामा म्हणाले. मॅनेजर निघाली नाशिकची, स्वच्छ मराठी बोलणारी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोरगी. मामांना 'सर' म्हणत होती. मामा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कपाळावर गंध, हात उगाचच पुसत होते. गाळा बघून तिने मान डोलावली आणि म्हणाली, "चला, दुकानं बघू."

पहिल्या दुकानाशी पोचलो आणि मी थक्क झालो. वरपासून खालपर्यंत फक्त आमच्या कंपनीचे पुडे. रांगा अशा, की मध्ये सुईसुद्धा शिरू नये. दारावर पुड्यांच्या माळा सोडलेल्या, एखाद्या मखरासारख्या. मामांनी सगळ्यांना इतकंच सांगितलं होतं की मॅडम येणार आहेत, जरा नीटनेटकं ठेवा. पण करोनाच्या टाळेबंदीत टेंपो वर चढेना तेव्हा याच माणसाने डोक्यावर बॉक्स घेऊन डोंगर चढून माल पोचवला होता, ते इथे कोणी विसरलेलं नव्हतं. परतफेडीची संधी मिळाल्यावर लोकांनी हात राखला नाही. दुसऱ्या दुकानातही तेच. मॅनेजरने विचारलं, "बाकीच्या कंपन्यांचा माल कुठे असतो?" दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "ठेवतच नाय मॅडम. मामांचा माल असताना गरज काय?" तो ज्या खोक्यावर बसला होता त्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव ढळढळीत छापलेलं होतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, तर त्याने मलाच हसून नमस्कार केला.

मॅनेजर फळीकडे बघत हळूच म्हणाली, "कुठेच गॅप नाहीये."

"नाहीच, मॅडम," मामा खुलले. "गॅप आम्ही पडूच देत नाही."

एरवी मामांना हे माझ्या आधी कळलं असतं. चालत्या दुकानात फळीला भोकं पडलेली असतात. दोन पुडे गेलेले, एक उघडा बॉक्स, शेजारी दुसऱ्याचा माल. फळी गच्च भरलेली आणि एकही पुडा हललेला नाही, याचा अर्थ कंपनीच्या माणसाला एकच लागतो, माल इथे खपत नाही. पण त्या दिवशी मामा वितरक राहिलेच नव्हते, पोर दाखवायला बसलेल्या बापासारखे झाले होते. मला कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. बोललो तर तिच्यासमोर त्यांची अब्रू जाणार, न बोललो तर एजन्सी.

तिसरं दुकान चढावावरच्या हसमुखभाईंचं. हा कच्छी वाणी म्हणजे मामांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि जिवाभावाचा दोस्त. त्याने तर पुड्यांचा मनोराच उभा केला होता. मॅनेजर एक पुडा काढून छापलेली तारीख बघत होती, मामा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तेवढ्यात गाऊनवर ओढणी टाकलेली एक बाई घाईघाईने आली आणि काउंटरवर नाणी ठेवून म्हणाली, "शेठ, एक पुडा द्या. पोरगा शाळेत चाललाय."

हसमुखभाई जागचे हलले नाहीत. "आता नाय. दुपारनंतर ये."

"अहो, समोर एवढे दिसतायत ना."

"ते आज विकायचे नाय," हसमुखभाई आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मामांची मॅडम बघायला आली हाय. रांग तुटते."

बाई आमच्याकडे बघत राहिली. मॅनेजरने हातातला पुडा अगदी सावकाश जागेवर ठेवला. मला वाटलं, जमीन दुभंगली तर आपण सगळ्यांत आधी उडी मारू. मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यांना आता सगळं कळलं होतं, मागच्या दोन दुकानांसकट.

मग मामा पुढे झाले. मनोऱ्याच्या ऐन मधला एक पुडा त्यांनी ओढून काढला, तसे वरचे दहाबारा धडाधड काउंटरवर आले, एक खाली गटाराच्या कडेला गेला. मामांनी पुडा बाईच्या हातात दिला. "जा, बाळाला उशीर होईल," म्हणाले. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं म्हणून यांनी केलं. यांना बोल लावू नका. माल खपतो इथे. आज मीच खपू दिला नाही."

"सर, तुम्ही न सांगितलेलं एखादं दुकान आहे का?" तिने विचारलं. चिडून नाही; मला वाटतं, तिला खरंच एखादं हवं होतं.

मामांनी विचार केला. "नाही हो. माझ्याकडून कोणी राहत नाही."

हसमुखभाई वाकून पुडे गोळा करत होते. "सॉरी यार मामा," एवढंच म्हणाले. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला मामांचा इतका राग यायचा वर्षानुवर्षं, आणि त्या क्षणी त्यांच्याबद्दल अशी माया दाटून आली की मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

मॅनेजरने गाळ्यावर परत येऊन चहा घेतला. जाताना म्हणाली, "मी चांगलंच लिहीन, सर. पण खरं सांगू? वरती बरंचसं ठरलेलं आहे." तिने खरोखर चांगलं लिहिलं असावं, कारण निरोप यायला गणपती उलटून गेले. त्या सगळ्या आठवड्यांत मामांचा फोन वाजला की घरातली भांडी थांबायची. आणि मग निरोप आला. घाटकोपर भिवंडीला गेलं. मामांनी तो दिवसभर कोणाला सांगितला नाही. संध्याकाळी गाळा झाडून घेतला, आणि घरी येऊन मामींना म्हणाले, "बरां झाला. कंपनी मोठी झाली, तर असा होतलाच." मामी नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मामा रडले नाहीत, निदान कोणी पाहिलं नाही.

भिवंडीचा टेंपो आता आठवड्यातून एकदा येतो आणि डोंगराच्या पायथ्याशीच थांबतो. वरचे दुकानदार खाली उतरून माल नेतात. परवा मी भटवाडीत गेलो होतो. घरी पाहुणे यायचे होते, मामींनी मामांना चहाबरोबर द्यायला काहीतरी आणायला पिटाळलं, तेव्हा मीही सोबत निघालो. हसमुखभाईंच्या दुकानापुढे मामा गिऱ्हाइकांत उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मी काउंटरच्या या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते जमत नव्हतं, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. फळीला मध्ये मध्ये भोकं पडलेली, चार कंपन्यांचे पुडे शेजारी शेजारी, म्हणजे धंदा नीट चालला होता.

"बोला मामा, कुठला देऊ?" हसमुखभाईंनी विचारलं.

मामा फळीकडे बघत राहिले. "लोक हल्ली कुठला नेतात?"

"लोकांचं सोडा ना. तुम्हाला कुठला आवडते?"

मामांनी वरची फळी पाहिली, खालची पाहिली. मग माझ्याकडे वळून, काहीसे लाजून म्हणाले, "हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं हो." आणि मागे एक बाई केव्हाची ताटकळत उभी होती, तिला आधी घेऊ द्यावं म्हणून ते बाजूला झाले.