होर्डिंगवरचे केमिस्ट्रीचे सर

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘शैक्षणिक सल्लागार’ असं छापलेलं होतं. लातुरात आणि नांदेडात मात्र सगळ्यांना माहीत होतं, मी माणसं फोडतो. एका क्लासचा शिकवणारा उचलायचा आणि दुसऱ्या क्लासला नेऊन द्यायचा, हा माझा धंदा. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांवर ही दोन शहरं जगतात. चांगला शिक्षक गेला की त्याच्यामागं पोरं जातात, म्हणून त्याला सांभाळावं लागतं. न सांभाळलेला मला लांबून दिसायचा. मी स्वतः आधी बायोलॉजी शिकवायचो. पोरं झोपायची.

पारखायची माझी पद्धत साधी होती. मी कुणाचं लेक्चर ऐकायला जात नव्हतो. निकालानंतर क्लासेसचे होर्डिंग लागतात, ते बघत मी हिंडायचो. वर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली शिकवणाऱ्यांचे. मग चहाच्या टपरीवर पोरं काय बोलतात ते ऐकायचं. ज्या सरांचं नाव पोरांच्या तोंडात आहे आणि होर्डिंगवर ज्यांचा फोटो नाही, तो माझा माणूस. पगार वाढवून माणूस फुटत नाही. तो मालकाकडं जातो, मालक तेवढंच वाढवून देतो, विषय संपतो. आपल्याला कुणी मोजत नाही हे ज्याच्या डोक्यात एकदा बसलं, तो मात्र परत फिरत नाही. बसलेलं नसलं तर ते बसवायचं, एवढंच माझं कसब.

केमिस्ट्रीचे ते सर मूळचे जळकोटकडचे. लातुरात ज्या क्लासवर ते शिकवायचे त्याचे मालक त्यांचे गुरू. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. अप्पांनीच सरांना कॉलेजात शिकवलं, पुढं क्लासवर उभं केलं, लग्नातही घरच्यासारखे राबले. होर्डिंगवर मात्र एकट्या अप्पांचा फोटो.

नांदेडच्या एका मालकानं मला बोलावलं. हा मला मुद्दाम गुरुजी म्हणायचा, कारण मला शिकवता येत नाही हे त्याला माहीत होतं.

“गुरुजी, लातूरचे ते केमिस्ट्रीवाले आणा.”

“तुमच्याकडं केमिस्ट्रीला आहेत की.”

“हायेत ना. मला शिकवायला कुठं पायजे? ॲडमिशनच्या टायमाला तो माणूस लातुरात नको.”

मी समजलो. दोन्ही गावी मिळून सरांना फळा मिळणार नव्हता. तिथंच उठून येता आलं असतं. मी विचारलं, “कधीपर्यंत पाहिजेत?”

सरांना मी दोन्ही शहरांच्या मधल्या लोह्यात भेटलो. लातूरचं कुणी तिथल्या हॉटेलात चहाला येत नाही. सर आले ते कपाळावर विभूती, इस्त्रीचा शर्ट. “शरणार्थ,” म्हणून हात जोडले आणि टेकले.

“सर, तुमचा फोटो कुठंय?” मी विचारलं.

“कसला फोटो?”

“लातुरात. इतकी वर्षं झाली की.”

ते हसले. “अप्पा म्हणतात, पोरं तोंड बघून येत न्हाईत.”

“मग अप्पा स्वतःचं तोंड कशाला लावतात?”

हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं. सरांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली.

“नांदेडला फोटो केवढा लागंल?” शेवटी त्यांनी विचारलं.

“मालकाएवढा.”

“शेजारी?”

“शेजारी.”

एवढंच त्यांनी विचारलं. बॅच कोणती, तास किती, फळ्यावर कधी उभं राहायचं, काही नाही. आमच्या दोन शहरांत ज्याचा फोटो लागला तोच शिकवणार, असंच कुणीही धरून चालतो. करारात फोटोचं घातलं होतं, तासांचं नव्हतं. सोडून गेल्यावर जवळपास कुठं शिकवायचं नाही, असंही एक कलम होतं. सरांनी ते वाचलं आणि सही केली. जायचं कुठं होतं त्यांना?

“अप्पांना काय सांगू?”

“सांगू नका. सांगायला गेलात की तुमच्यानं निघणं व्हायचं न्हाई.”

हीही माझी पद्धत. निरोप घेऊ द्यायचा नाही. निरोप घेतलेल्या माणसाला परतीची वाट राहते. सर न सांगता आले. नवी बॅच सुरू व्हायच्या दिवशी अप्पा स्वतः खडू घेऊन हॉलमध्ये गेले म्हणे, आणि पोरांनी विचारलं, सर कुठंयत.

नांदेडच्या स्टुडिओत फोटोवाल्यानं सरांना विभूती पुसायला सांगितली, फ्लॅशमध्ये चमकते म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रुमाल दिला.

होर्डिंग लागलं त्या दिवशी सरांचं सगळं घर बघायला आलं. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, मला फोन केला. “भाऊ, लई मोठा लागलाय हो. सासूबाई रडून राहिल्यात.” मी म्हणालो, “सरांचं कष्टाचं आहे वहिनी.”

ॲडमिशन फुल झाल्या. सरांना लिफ्टशेजारी एक टेबल दिलं. त्यावर पाटी, शंका समाधान. पोरं शंका आपापल्या सरांना विचारायची. या टेबलाशी फार तर मुतारी कुठं आहे ते विचारायची. सर रोज वेळेवर येऊन बसायचे. बॅच पुढच्या महिन्यात, मग दिवाळीनंतर, मग रिव्हिजनला. एकदा त्यांनी मालकाला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मीही तिथं होतो.

“सर, तुम्ही आमची लई भारी वस्तू,” मालक म्हणाला. “वापरून झिजवायची न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो.

त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. “खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं का?”

“न्हाई हो सर. मलाच आत्ता कळून राहिलंय.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “तुम्ही तसले न्हाईत.”

लोक मला अजून विचारतात, असं माणूस उचलणं बरोबर आहे का. मी सांगत आलो, मी फक्त दार दाखवतो, जाणारा स्वतःच्या पायानं जातो. ऐकायला बरं वाटतं. फोडलेली माणसं नव्या जागी चालतात का, हेही विचारतात. निम्मी चालत नाहीत. ज्या हॉलमध्ये त्यांचा आवाज बसला होता तो हॉल आम्ही उचलून आणत नाही. मालकाला मी ते सांगत नसे. आणि या सरांच्या बाबतीत तर ते चालले का नाही हा प्रश्नच नव्हता. ज्या कामासाठी आणले ते काम ते नुसतं बसून करत होते. माझ्या धंद्यातलं एवढं फत्ते झालेलं काम दुसरं नाही.

पुढच्या वर्षी होर्डिंग बदललं. जुन्या फ्लेक्सचा तुकडा क्लासच्या गाड्यांच्या शेडला बांधला. त्यावर सरांचा अर्धा चेहरा. सर आपली गाडी त्याच्याच खाली लावायचे. तीन-चार दिवस लावली, मग यायचे बंद झाले.

ते अप्पांकडं गेले. अप्पांनी करार बघितला, म्हणाले, तो मी बघतो. “ये की. पण डेमो द्यावा लागंल. नव्याला द्यावाच लागतो.”

मग अप्पांनी मला फोन केला. “तूच नेला, तूच येऊन सांग माल कसाय. हाव म्हणालास तर घेतो. न्हाई तर न्हाई.”

आम्हा दोघांनाही एकाच दगडात मारायचं होतं त्यांना. मी गेलो.

शेवटच्या बाकावर बसलो. सर आत आले, कपाळावर विभूती होती. नव्या पोरांतली कुणीतरी कुजबुजली, “हे नांदेडच्या बोर्डावरचे ना?” सरांना ऐकू गेलं. त्यांनी मान वर केली, मी दिसलो, आणि त्यांचा चेहरा सुटला. ओळखीचं माणूस दिसल्यावर सुटतो तसा.

मी पहिल्यांदाच त्यांना शिकवताना बघत होतो. “लई सोपं हाय, घाबरू नका,” म्हणाले आणि कार्बनचे चार हात स्वतःच्या दोन हातांनी दाखवायला लागले. दोन कमी पडले तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीचे दोन मागून घेतले. पोरं हसली, आणि हसता हसता त्यांना समजलं ते मला मागून दिसलं. मला स्वतःला समजलं. फळ्यासमोर इतकी वर्षं उभा राहून माझ्याच्यानं जे कधी झालं नाही, ते वर्षभर लिफ्टशेजारी बसवलेला माणूस आल्या आल्या करत होता.

ऑफिसात अप्पांनी विचारलं, “बोल.”

“गेलंय अप्पा आता त्यांच्यातलं,” मी म्हणालो. “पोरं हसून राहिली होती, बघितलं न्हाई का तुम्ही?”

ते परत आले असते तर लातूरभर मी कसा माणूस नेतो ते कळलं असतं, हे एक कारण. दुसरं मी वर लिहिलंच आहे, हॉलमध्ये मी काय बघितलं ते. अप्पांनी मान हलवली. त्यांना पटलं का नाही, माहीत नाही. माझ्या तोंडून ‘हाव’ ऐकायलाच त्यांनी मला बोलावलं होतं असं मला आता वाटतं. सर तेव्हापासून जळकोटला असतात. शिकवत नाहीत.

त्या दिवशी खाली आलो तर ते जिन्यात थांबलेले. हाताला खडू तसाच. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

“तुम्ही मागं दिसलात, धीर आला बघा. कसं झालं?”

“चांगलं झालं. कळवतील.”

“अप्पांना तुम्ही जरा सांगा. तुमचं ऐकतील ते.”

“सांगितलंय.”

ते रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आले, हात करून रिक्षा थांबवली, मला बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “सरांना नीट सोडा.”