होडीवर न घ्यायचं नाव

माझी भावजय स्वाझिग हिचा आवाज आमच्या लोक्तुदी गावात, बंदराच्या धक्क्यावर, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिचं केस कापायचं दुकान मासळीबाजारासमोर होतं, आणि दुकानाच्या दारातून तिने नवऱ्याला हाक मारली की बोटीवरचे खलाशीही मान वळवायचे. हाक एकच, लग्नापासूनची. "माझ्या सशा." बाजारात माझ्या सशा, बँकेत माझ्या सशा, आमच्या आईच्या अंत्यविधीला भर चर्चमध्ये "माझ्या सशा, जरा सरक." आमच्याकडे बायका नवऱ्याला लाडाने असं म्हणतात, पण चारचौघांत जरा आवाज खाली ठेवतात. गुलवेन, म्हणजे माझा धाकटा भाऊ, शाळेची बस चालवायचा. मागच्या बाकावरची पोरं मुद्दाम त्याला गाजरं आणून द्यायची. हा शहाणा ती खायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि गावभर सांगत सुटला की आम्ही दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने लिस्बनला जाणार. दोघांपैकी दुसरीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

शिवाय एक अडचण होती. होडीवर त्या लांब कानांच्या जनावराचं नाव काढायचं नसतं. पूर्वी म्हणे ते जहाजाच्या पोटात शिरून दोर कुरतडायचं आणि जहाज बुडायचं. आमचे वडील सार्डिन पकडायला जायचे. एकदा स्वयंपाक्याच्या तोंडून तो शब्द निघाला, तर समोर पाणी मासळीने उसळत असताना त्यांनी होडी वळवून घरी आणली. त्यानंतर आम्ही नुसते बटाटे खाल्ले आणि वडील ताठ मानेने फिरत राहिले. गुलवेन त्यांच्यावर गेलाय.

"होडीवर तो शब्द निघाला की होडी वळवायची आणि थेट घर," त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून जाहीर केलं.

"मग मी तुला हाक कशी मारू?" स्वाझिगने विचारलं.

"मला नाव आहे."

"असेल. म्हणजे मी एकदा म्हटलं की आपण परत?"

"थेट."

"मग येते मी." नंतर भांडी पुसताना तिने मला कोपराने ढोसलं. "परतीचं तिकीट माझ्या तोंडातच आहे गं. कंटाळा आला की फाडते."

निघायच्या दिवशी गुलवेनने तिच्या पिशव्या तपासल्या. एका डब्यावर त्या जनावराचं चित्र होतं, ते त्याने नखाने खरवडून काढलं. पुढे काय झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंय. जेवढं जुळतं तेवढंच मी सांगते.

बिस्केच्या उपसागरात स्वाझिगला बोट अशी लागली की ती बादली कवटाळून बसली. दर लाटेला म्हणायची, "म्हणू का? म्हणते हं मी." गुलवेन हात जोडायचा. त्याच्या तोंडाकडे बघून ती शब्द गिळायची आणि पुन्हा बादलीत डोकं घालायची. एवढ्यात वारा फिरला आणि शिडाचा आडवा दांडा त्याच्या डोक्याच्या दिशेने यायला लागला. ती ओरडली, "माझ्या..." आणि थांबली. ऐन वेळी नवऱ्याचं नावच आठवेना. इतकी वर्षं लागलंच नव्हतं ना. शेवटी गिऱ्हाइकाला बोलवावं तसं ती आडनावाने किंचाळली, "मस्यू केर्दिलेस, पुढचा नंबर तुमचा!"

नंबर लागून गेला होता. टेंगूळ स्पेनपर्यंत टिकलं.

स्पेनच्या गॅलिसियाला लागल्यावर मात्र बाईंचं चक्र फिरलं. तिथल्या कोरुन्या बंदराच्या धक्क्यावर शेजारच्या होडीतल्या एका डच म्हाताऱ्याचे केस तिने सहज कापून दिले. दुसऱ्या दिवशी रांग लागली. कोणी वाइन आणून दिली, कोणी उकडलेला ऑक्टोपस. भाषा एकाची येत नव्हती, तरी कोणाच्या सुनेचं कोणाशी पटत नाही हे तिला सगळं कळलं. सुकाणू धरायलाही ती शिकली, आणि खरं सांगायचं तर भावापेक्षा बरी शिकली. आता तिला लिस्बन बघायचंच होतं. तो शब्द चुकून निसटू नये म्हणून तिने तो जमिनीवरसुद्धा बंद केला. जीभ एकदा सैल सोडली की होडीवर आवरायची नाही. "गुलवेन, ब्रेड आण. गुलवेन, दोर ओढ." दिवसभर गुलवेन.

आणि गुलवेन सुकायला लागला. त्याला घरी जायचं होतं. पण लिस्बनची बढाई त्याने स्वतः मारलेली, आपण होऊन परतला असता तर गावाने त्याला जगू दिलं नसतं, आणि मीही. मग या गृहस्थाने ठरवलं की शब्द बायकोच्या तोंडून काढायचा.

शब्दकोडं घेऊन तो तिच्याजवळ बसला. "गाजर खाणारा प्राणी. काय असेल?"

"गाढव," ती म्हणाली.

"बसत नाही."

"मग तू बस."

तो डोक्यावर दोन्ही हात उभे करून तिच्यासमोर उड्या मारायला लागला. "ओळख मी कोण?"

"निवृत्त बस ड्रायव्हर. खाली बस, होडी हलतेय."

पोर्तुगालच्या किनाऱ्याने खाली उतरताना एका दुपारी ती सुकाणूवर होती. लिस्बन आता अगदी टप्प्यात आलं होतं. "गुलवेन, तो दोर जरा सैल कर," ती म्हणाली. तो दोर हातात घेऊन खालीच बसला.

"गुलवेन, गुलवेन. करवसुलीचा माणूस मला गुलवेन म्हणतो. मला घरी जायचंय."

"का? गुडघा दुखतोय?"

"घरी मी गुलवेन नसतो," माझा भाऊ म्हणाला, आणि बाहीला नाक पुसलं.

स्वाझिग मला म्हणाली की तेव्हा तिला त्याचा इतका राग आला की सुकाणूनेच बडवावंसं वाटलं. ज्याने नियम केला तोच रडतोय. समोर लिस्बन, जन्मात पहिल्यांदा तिला कुठेतरी पोहोचायचं होतं, आणि एका शब्दाने ते सगळं जाणार. आमचे वडील काय चीज होते आणि त्यांचा मुलगा काय चीज आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हटलं की होडी वळणार.

तिने एकदा पुढे बघितलं, एकदा त्या बसलेल्या माणसाकडे. मग लोक्तुदीच्या बाजारात हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "दोर सोड, माझ्या सशा."

होडी काही बुडाली नाही. गुलवेन उठला. त्याने आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, वडील बघतायत की काय तशी मागेही नजर टाकली. मग दोर सैल केला आणि कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस? वाऱ्यात ऐकू नाही आलं."

तिने परत म्हटलं, आणखी मोठ्याने.

"अजून नाही आलं."

लिस्बनपर्यंत तो ठार बहिरा होता, आणि तिचा घसा बसला.