गेर्नोटचा पंखा

गेर्नोट वीबुश हा माणूस ताकही फुंकून पिणारा. जर्मनीतल्या कासेल शहरात एकतीस वर्षं ट्राम चालवली, पण कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर तळघरात बसून लाकडाच्या छोट्या ट्राम करायला लागला. ब्रशनं रंगवल्या की रेघा उठायच्या, म्हणून रंग फवारायची सोय करायचं ठरवलं. तेवढ्यात रंगाची वाफ पेट घेते असं कुठंतरी वाचलं आणि गड्याची पाचावर धारण बसली.

मग दोन महिने नुसती तयारी. तीन बाजूंनी बंद अशी पत्र्याची पेटी, तिच्या मागं जाळी, ठिणगी न उडवणारा दमदार पंखा, भिंतीला भोक पाडून बाहेर काढलेला पाइप, आणि वर वाळूची बादली. बायको रोझविता हसायची. म्हणायची, "ट्राम रंगवतोयस की बॉम्ब करतोयस?"

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मुहूर्त लागला. रविवारी आवाज करणं म्हणजे तिकडं पापच, भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात हजर. पंख्याची घरघर बाहेर जाऊ नये म्हणून या शहाण्यानं तळघराची खिडकी घट्ट लावली आणि वरच्याही सगळ्या लावल्या. खिडक्या नव्या, वाऱ्याची झुळूकही आत न सोडणाऱ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली रोझविता दिवाणखान्यात, धुराड्याला जोडलेल्या, लाकडं जळत असलेल्या शेगडीजवळ कोचावर पडली होती. तिनं हाक मारली तर ऐकू यावी म्हणून जिन्याचं दार त्यानं उघडं ठेवलं.

पाऊण तास जीव मुठीत धरून फवारणी केली. रंग असा काही गुळगुळीत बसला की त्याला राहवेना, तिला दाखवायला तो वर आला. खोलीत किंचित धुराचा वास होता. रोझविताचे गाल लालबुंद. हाक मारली, हलवलं, तर मान एका बाजूला कलंडली. गेर्नोटनं अग्निशमन दलाला फोन लावला. खिडक्या उघडून त्यानं तिला कसंबसं ओढत बाहेर अंगणातल्या थंडीत नेलं आणि तिच्या छातीला कान लावून बसला. धडधड ऐकू येत होती, पण तिची की आपली, हेच त्याला कळेना.

अग्निशमन दलाची बाई आत शिरली आणि क्षणभर कान देऊन उभी राहिली.

"खाली काय चालू आहे?"

पंखा अजून फिरत होता. जिन्याच्या उघड्या दारातून घरातली हवा तो बाहेर ओढत होता, आणि खिडक्या बंद होत्या तोवर नवी हवा यायला वाट एकच उरली होती, शेगडीच्या धुराड्याची. शेगडीचा विषारी वायू त्या वाटेनं खोलीत उतरत राहिला. दोन महिने माणूस आगीला भ्याला आणि बायकोला स्वतःच्या हातानं मारायला निघाला होता.

संध्याकाळी इस्पितळात रोझवितानं डोळे उघडले. प्राणवायूचा मास्क बाजूला करून हळूच म्हणाली, "चुकलं माझं. शेवटचं लाकूड ओलं होतं, तरी मी घातलं."

गप्प बसला असता तर तिला कुठं कळणार होतं? खरं सांगायची गेर्नोटला भयंकर भीती वाटली, तळघरातल्यापेक्षाही जास्त.

"लाकूड नाही गं. माझा पंखा. खिडक्या मीच लावल्या होत्या."

रोझवितानं मास्क पुरता काढला. मग म्हणाली, "मला घरी नेशील ना, तेव्हा काही दिवस माझ्या बहिणीला राहायला बोलव. तुझ्या एकट्याबरोबर आत्ता नको."

गेर्नोटनं मान डोलावली आणि तिच्या बहिणीला फोन करायला बाहेर गेला.