बारा शुभेच्छुक
फ्लेक्सच्या ताज्या शाईचा वास आला की मला अजून एक बॅनर आठवतो. कापसावर फवारणी करता करता माणसं मरत होती, त्या दिवसांत मी आर्णीत बॅनर डिझाइन करायचो. एका सकाळी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसायला लागले. फॉन्ट काढून पुन्हा टाकले, कॉम्प्युटर चारदा बंद-चालू केला, चौकोन हलेनात. छापून मात्र अक्षरं नीट येत होती. तेवढ्यात एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून आला. फवारणीच्या विषानं गेलेल्या एका मजुराच्या घरी त्याचे साहेब भेटीला निघाले होते. "श्रद्धांजलीचा बॅनर पाह्यजे, आत्ताच. साहेबाच्या वाढदिवसाचा जुना हाये ना, त्याच्यातच फोटो बदल." चौकोनांवर अंदाजानं हात चालवत मी वर श्रद्धांजली टाकली आणि केकच्या जागी मजुराचा फोटो बसवला. फ्लेक्स मशीनमधून बाहेर आला तेव्हाच तो पहिल्यांदा वाचता आला. खाली साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी बारा जणांची नावं, आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'. मी घाबरून म्हटलं, "भाऊ, चुकलं हे, पुन्हा छापतो." त्यानं बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि दुकानाच्या कोपऱ्यातच पिचकारी मारली. "कायले? नावं तं सारी बरोबर हायेत. गुंडाळ." त्या माणसाची किळस मला आजही येते, पण मजुराच्या दारात लागणारा तो फ्लेक्स मीच, एकही सुरकुती पडू न देता, गुंडाळून दिला होता.