ग्रहणाचा चष्मा

माझा नवरा विश्वेश अंबडच्या कारखान्यात इंजिनीअर. पंचाण्णवच्या दिवाळीआधी टीव्हीवर एक नाटक लागलं. त्यात चर्चच्या न्यायालयापुढे म्हातारा खगोलशास्त्रज्ञ गुडघे टेकून म्हणाला, "पृथ्वी फिरत नाही." विश्वेश खेकसला, "भित्रा कुठला! मी असतो तर नसतो वाकलो!" आठवडाभर हेच भेटेल त्याला ऐकवत होता.

दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. मला सातवा महिना होता. यानंच हौसेनं माझ्यासाठी ग्रहण बघायचा चष्मा आणलेला. मी गच्चीकडे निघाले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "ग्रहण पाळायचं. खोलीतून हलायचं नाही."

मी विश्वेशकडे पाहिलं.

"आई म्हणतेय तर बस ना. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"त्या म्हाताऱ्याला तुरुंगाची भीती होती. तुम्हाला कसली आहे हो?"

विश्वेश चष्मा घेऊन एकटाच गच्चीवर गेला.