बाच्या हातांचा फोटो

"पट्टी सोड की ताई. फोटो घ्यायचाय."

हवालदार एवढंच म्हणाला आणि मी पट्टी सोडायला लागले. पलंगावर माझा बाप होता. अंगात माझा नर्सचा युनिफॉर्म होता. मोठे डॉक्टर बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी मान हलवली. "सोडा सिस्टर. पोलिसांना सहकार्य करायला हवं."

पट्टीचा शेवटचा थर जखमेला चिकटला होता. तो निघाला तशी कातडीही निघाली. बा ओरडला नाही. त्यानं फक्त डोळे मिटले.

दारात अण्णा उभे होते, नाकाला रुमाल लावून. आमच्या वस्तीला लागून ज्यांचा ऊस आहे, ते अण्णा.

"बघा हात," ते म्हणाले. "आग लावणाऱ्याशिवाय एवढा हात भाजतोय व्हय कुणाचा?"

हवालदारानं मोबाईल पुढं केला. "जरा उजेडात धर."

मी धरला. माझ्या बापाचा एकेक हात मनगटाला धरून खिडकीच्या उजेडात वर केला. दोन्ही तळव्यांवर कड्यांचे वळ होते. एकापुढं एक, साखळीच्या कड्यांचे. फोटोत ते नक्की आले असणार.

"तुझा बाप ना ह्यो?" हवालदारानं विचारलं.

"हो."

"मग समजावून सांग त्याला. कबूल केलं तर सोपं जाईल."

मला राग आला नाही. रडू आलं नाही. मी नवी पट्टी आणली, हात धुतले, ड्रेसिंग केलं. मग पलीकडच्या पेशंटचं सलाईन बदललं.

त्या आठवड्यात सगळीकडंच पेटलं होतं. तुळजापूरकडचे डोंगर, बार्शीकडचे माळ, अक्कलकोटच्या बाजूचं गवत. सोलापुरातही आभाळ पिवळट दिसायचं. माझ्या खोलीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची. कॅन्टीनच्या टीव्हीवर दिवसभर आगीच्या बातम्या. वणवे समाजकंटक लावतात, असं त्यात कुणीतरी म्हणालं. चहा पिता पिता दोघीतिघींनी माझ्याकडं बघितलं. आम्ही पारधी. हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे. मी कधी लपवलं नाही.

आमच्या वस्तीजवळ आग लागली ती भर दुपारी. मी ड्युटीवर होते. काय घडलं ते वहिनीनं सांगितलं. अण्णांच्या माणसांनी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं. वारं फिरलं. पाचटाची आग बांध ओलांडून वनखात्याच्या माळावर गेली आणि सगळं गवत पेटलं. मग अण्णांचाच टेंपो वस्तीवर आला. "चला रे, माळ पेटलाय, लवकर चला." बा गेला, माझा भाऊ गेला, वस्तीतले बाप्ये गेले. लिंबाच्या फांद्या घेऊन त्यांनी आग झोडपली. तेवढ्यात अण्णांच्या गोठ्याचं छप्पर पेटलं. आत म्हैस साखळीला बांधलेली. गोठ्यात जायला कुणी धजेना. बा आत शिरला. तापलेली साखळी त्यानं दोन्ही हातांनी सोडवली. म्हैस बाहेर आली, मग बा आला.

वस्तीतल्या माणसांनी त्याला माझ्या दवाखान्यात आणलं, कारण शहरात त्यांच्या ओळखीची मी एकटी.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब चौकशीला आले. माळ कुणी पेटवला, विचारायला लागले. कुणाचं तरी नाव द्यायला पाहिजे होतं. अण्णांनी बाचं दिलं. म्हणाले, ससे-तितर बाहेर काढायला पारध्यानं गवत पेटवलं.

पोलीस वस्तीवर गेले. भांडी बाहेर फेकली. भाऊ घाबरून पळाला तो कुठं गेला कळेना. फोन बंद. वहिनी तान्ह्या पोराला घेऊन माझ्या खोलीवर आली आणि भिंतीला टेकून बसली. पोर रडायचं. ती त्याला घ्यायची, पण तिची नजर दाराकडं असायची. मी भात टाकायचे. आम्ही खायचो. चव कळायची नाही.

शाळेत असताना वर्गात काही हरवलं की बाई पहिलं माझं दप्तर उघडायच्या. वही, पाटी, भाकरी, सगळं फरशीवर काढायच्या. काही सापडायचं नाही. मग म्हणायच्या, "भर ते आत." मी भरायचे. दहावीला शाळेत नंबर आला तेव्हा त्याच बाईंनी पेढा दिला. मला वाटलं, संपलं आता.

संपत नाही. आम्हाला काही ना काही उघडून दाखवावंच लागतं.

त्याच आठवड्यात एका पेशंटच्या मुलीनं सांगितलं, आमच्या आईला त्या सिस्टरच्या हातची सुई नको. इन्चार्ज सिस्टरनं मला बाजूला घेतलं. बाई वाईट नाही. म्हणाली, "तू थोडे दिवस रजा घे ना गं. तुलाच बरं पडेल." मी रजा घेतली नाही. मी शूर-बिर नव्हते. घरी जाऊन काय करायचं ते सुचत नव्हतं, एवढंच.

हवालदार परत आला. या वेळी सोबत फौजदार साहेब, मागं अण्णा.

"आधीचा फोटो हललाय," हवालदार म्हणाला. "सोड पट्टी."

माझे हात पट्टीकडं गेले. खरंच गेले. गाठ बोटात धरली. आणि बानं डोळे मिटून घेतले. मी अजून काही केलंही नव्हतं.

मी गाठीवरून बोटं काढली.

"पट्टी सुटणार नाही."

"काय?"

"जखम भरायला लागलीय. परत उघडली तर सडेल."

मोठे डॉक्टर धावत आले. "सिस्टर, तुम्हाला इथं काम करायचंय ना?"

"करायचंय सर. म्हणूनच सोडत नाही. हा माझा पेशंट आहे. तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सोडा. तुमच्या हातानं."

डॉक्टर पुढं आले नाहीत.

बा हळूच म्हणाला, "सोड पोरी. कशाला वाद."

"न्हाई बा."

अण्णांचा आवाज मऊ झाला. "पोरी, तुला ह्या दवाखान्यात लावली कुणी? मीच शब्द टाकला का न्हाय? आमी काय तुमचं वैरी हाय का?"

खरं होतं. त्यांनी शब्द टाकला होता. तेव्हा आईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि मलाही ठेवायला लावलं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "तुमची म्हैस कुणी सोडवली? तेवढं सांगा साहेबांना."

अण्णांनी बाच्याकडं बघितलं. मग खिडकीकडं.

"धूर लई होता," ते म्हणाले. "कोण होतं काय दिसलं न्हाय."

तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. राग म्हणावा तर राग नाही. खूप दिवस बधिर असलेल्या पायात रक्त परत येतं तेव्हा दुखतं, तसं. बा मात्र छताकडं बघत होता. त्याला नवल वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. मी बाला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितले आणि विचारलं, "साखळी धरली होती का?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, बोटं पुरती मिटणार नाहीत आता. बानं विचारलं, "भाकरी मोडता येईल का?" त्यांनी पट्टी गुंडाळायला घेतली.

सकाळी बाजवळ वहिनीला बसवलं आणि मी ठाण्यात गेले. एकटीच. बाकावर बसले. बऱ्याच वेळानं ठाणे अंमलदारानं बोलावलं.

"काय काम हाय?"

"तक्रार द्यायचीय. जातीवरून माझ्या बापावर खोटा आळ घेतला, त्याची."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाव?"

मी सांगितलं.

"जात?"

"पारधी."

खोलीतल्या माना वळल्या. मी परत सांगितलं, मोठ्यानं. "पारधी."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

मी अण्णांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव आमच्या वस्तीत आजवर कुणी असं उच्चारलं नव्हतं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, मोठी माणसं हाईत ती. उद्या त्यांच्याच बांधावरून जायचंय तुमाला. मिटवून टाका की."

"पेन उचला साहेब."

"घरी जा. साहेब आलं की बघू."

"मी बसते."

दुपारी साहेब आले आणि मागच्या दारानं गेले. त्या दिवशी तक्रार घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुळजापूरकडं अजून पेटलेलंच आहे म्हणतात. मला बातम्या बघायला वेळ नाही. भावाचा फोन अजून बंदच आहे. मी सकाळी बाला भरवते आणि ठाण्यात येते. अंमलदार आता मला बघितलं की दुसरीकडं तोंड करतो. करू दे. वरचं ऑफिस आहे, त्याच्या वर कोर्ट आहे. तिथंही बाकडी असतील. अण्णांचं नाव मी प्रत्येक ठिकाणी तसंच सांगणार, पूर्ण. आणि ते कुणीतरी लिहून घेईपर्यंत मी उठणार नाही.