मास्टर गावातच राहिली

माझ्या मावशीला सगळं गाव मास्टर म्हणायचं. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने मास्टरीणबाई म्हणून पाहिलं, तर मावशीने हातातली कात्री खाली न ठेवताच त्याला विचारलं, "का हो, मी मास्टरांची बायको आहे का?" तेव्हापासून मास्टर ती मास्टरच. चौकातल्या टेलरच्या दुकानात ती कटिंग करायची. पुढच्या बाजूला मशिनवर बसलेले कारागीर आणि मागच्या खोलीत लांबलचक टेबलाशी उभी मावशी, गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल.

दुकानापासून जवळच एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या आणि खालच्या मजल्यावर आम्ही राहायचो. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, वायरमन होते. गावात कुठेही दिवे गेले की लोक आधी आमच्या जिन्यात येऊन काकांना हाक मारायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मावशीचे अर्धे लाड आणि सगळी बोलणी माझ्या वाट्याला यायची.

मावशीचा दिवस मात्र तळ्यावर सुरू व्हायचा. गावाच्या टोकाला तळं होतं. तिथे रोज सकाळी कामाला जायच्या आधी चौघीजणी पोहायला जमायच्या: मावशी, औषधाच्या दुकानातली बाई, शाळेतल्या गणिताच्या बाई आणि दवाखान्यातली नर्स. पोहणं थोडं आणि गप्पा फार. नर्स पाण्यावर उताणी पडून आदल्या दिवशीच्या पेशंटांच्या गमती सांगायची. गणिताच्या बाई चष्मा लावूनच पाण्यात उतरायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "तोंडं दिसली नाहीत तर मला ऐकू येत नाही." मावशी ओल्या केसांनीच दुकानात जायची आणि टेलर रोज कुरकुरायचा, "मास्टर, कापडावर पाणी पडतंय."

एकदा शहरातल्या मोठ्या कपड्यांच्या कारखान्याचा मॅनेजर काही कामाने गावात आला होता. तो ज्यांच्याकडे उतरला होता त्यांच्या अंगातला कोट बघून त्याने विचारलं, "हा कुणी बेतला?" दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या मागच्या खोलीत हजर. कटिंग खात्याची प्रमुख म्हणून येता का? पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट, वर राहायला कंपनीचा फ्लॅट. काकांनाही तिथेच काम देऊ म्हणाला.

काका दोन दिवस जमिनीवर नव्हते. मावशी म्हणाली, "आधी बघून तर येऊ."

दोघं बघून आले. फ्लॅट उंचावर, भिंती नव्या कोऱ्या, पण कारखान्यातल्या कापड रंगवायच्या वासामुळे खिडक्या कायमच्या बंद. लिफ्टमध्ये मावशी एका बाईकडे बघून हसली, तर ती बाई आपल्या साडीला काही लागलंय का म्हणून मागे वळून बघायला लागली. कटिंगच्या हॉलमध्ये कापडाचे थर गादीएवढे जाड रचलेले आणि विजेच्या कात्रीने सगळे एकदम कापले जात होते.

"हे कुणासाठी आहे, हे कापणाऱ्याला कळतं का?" मावशीने विचारलं.

"साइज कळतो ना," मॅनेजर हसत म्हणाला.

परत आल्यावर तिने बरेच दिवस काही सांगितलं नाही. एका रात्री जेवताना म्हणाली, "मी नाही जात."

आमच्या घरापर्यंत आवाज आला. काका म्हणत होते, "कारण सांग एक!"

"मला इथे आवडतं."

"आवडतं म्हणजे? शाळेतली पोरगी आहेस का तू? उद्या हातपाय थकल्यावर काय तळं खायचंय?"

"मला तिथे करमणार नाही हो. आठ दिवसांत वेड लागेल मला."

आईने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढायचं विसरून गेली. वर बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग काकांनी रेडिओ लावला आणि तो विषय तिथेच मिटला. मॅनेजरला नकार कळवला. त्याला त्याचं काही वाटलं नसावं, कारण महिन्याभरात त्याला दुसरा कुणी मिळाला.

पुढची तीन वर्षं मावशी मजेत होती. तिने नर्सला सूर मारायला शिकवलं. गणिताच्या बाईंना पोहून पलीकडच्या काठाला नेलं आणि तिथून परत यायला बाईंनी चक्क बैलगाडी मागवली. हसून हसून मावशीच्या पोटात दुखत होतं.

मग औषधाच्या दुकानातल्या बाईच्या मुलाने शहरात मोठं दुकान घातलं आणि तिला नेलं. "सुट्टीत येते गं," म्हणाली. एकदा आली, नंतर नाही. शाळेतली मुलं कमी होत गेली, तसे वर्ग बंद झाले आणि गणिताच्या बाईंची बदली झाली. नर्सला परदेशात काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी ती मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू इथे आहेस म्हणून गाव आहे असं वाटतं बघ." मावशी म्हणाली, "हो, मी सांभाळते ना. तुम्ही जा सगळ्या." वडिलांना चांगली नोकरी लागली आणि आम्हीही खोल्या सोडल्या. आई जिन्यात बसून रडली. मावशी तिला उठवत म्हणाली, "ट्रक थांबलाय, चल."

ती काही दिवस एकटीच तळ्यावर गेली. काठावर काढून ठेवलेल्या कपड्यांवर लक्ष ठेवायलाही कुणी नसायचं. एकदा पाण्यात पायात गोळा आला आणि हाक मारायला कुणी नव्हतं. त्यानंतर तिने जाणं सोडलं.

लोक तयार कपडे घ्यायला लागले होते. टेलरने आधी एका कारागिराला घरी पाठवलं, मग दुसऱ्याला. टेलर वारल्यावर त्याच्या मुलांनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं. मावशी घरी पँट्स आखूड करून द्यायची. काकांना हात थरथरायचा त्रास सुरू झाला आणि शिडीवर चढणं बंद झालं. मग एक दिवस दोघं शहरातल्या त्याच कारखान्यात गेले. जुना मॅनेजर कधीच गेला होता. टेबलामागचा तरुण अगदी नम्र होता. कटिंग आता कॉम्प्युटर करतो, असं त्याने समजावून सांगितलं. "पण धागे कापायला बायका लागतात, मावशी. बघा जमतंय का."

मावशीने ते काम घेतलं.

मी मागच्या वर्षी तिच्याकडे गेले होते. शहरात पेट्रोलपंपाच्या मागे एक भाड्याची खोली, दारातच गॅस, कॉटवर काका. मावशी दिवसभर शर्टांवरचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापते. तिथे तिला मास्टर कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, "इथे जवळच पोहायचा तलाव आहे म्हणे. जात का नाहीस?"

"एकटीने पाण्यात उतरून काय करू?"

मी न राहवून विचारलं, "मावशी, तेव्हाच आली असतीस तर?"

तिने काकांकडे बघितलं. त्यांना झोप लागली होती.

"तर आम्हा चौघींची ती तीन वर्षं मिळाली नसती," ती म्हणाली.

"म्हणजे केलंस ते बरोबरच केलंस."

"मी कुठे तसं म्हणाले? ती वर्षं आठवली की इथे जास्त जड जातं. शेजारच्या बायकांना असलं काही आठवायचंच नाहीये. त्या मजेत असतात." मग तिने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. "निवणार बघ."

उजेड कमी पडतो म्हणून तिच्याकडून धागे राहून जातात, अशी सुपरवायझरची तक्रार आहे. आता तिला घड्या घालायला बसवणार आहेत, त्याला पगार आणखी कमी. गेल्या महिन्यात तिने गावातल्या दोन खोल्या विकायला काढल्या. अजून कुणी बघायलासुद्धा आलेलं नाही.